इंटरेस्ट टेस्टमध्ये लेकीचं "यांत्रिक" सगळ्यात खाली, आणि घरातला मिक्सर तीच उघडते

रामबागची_लेक (इंदूर)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मुलगी दहावीत आहे. मागच्या महिन्यात शाळेत इंटरेस्ट टेस्ट झाली, महाराष्ट्रात ज्याला कल चाचणी म्हणतात ती. अमुक काम आवडेल, तमुक आवडणार नाही, असे शे-दीडशे प्रश्न आणि शेवटी आलेख. शुक्रवारी रिपोर्ट हातात आला. सामाजिक सगळ्यात वर, मग कला, मग ऑफिसची कामं, आणि यांत्रिक पार तळाला. खाली सुचवलेले कोर्स बी.एड., नर्सिंग, इंटिरियर डिझाइन. मॅडम म्हणाल्या रिपोर्ट स्वच्छ सांगतोय, अकरावीला मॅथ्स ग्रुप घेऊन मुलीला उगीच ताण देऊ नका.

आता ही मुलगी कशी आहे ते सांगते. दिवाळीच्या आधी चटणी वाटताना आमचा मिक्सर नुसता घर्रर्र करायला लागला, मोटर फिरतेय पण पातं जागचं हलेना. हिने तो वर्तमानपत्रावर उलटा केला, बघितलं, म्हणाली कपलरचे, म्हणजे मोटरला भांड्याशी जोडणाऱ्या चकतीचे, दाते गेलेत. आजोबा तो कपलर जोर लावून डावीकडे फिरवत होते, निघेना. ही म्हणाली आजोबा थांबा, याचे आटे उलटे असणार, सरळ असते तर मोटर फिरली की आपोआप सुटून आला असता. उजवीकडे फिरवला, निघाला. संध्याकाळी महाराणी रोडवरून नवीन आणला आणि रात्री चटणी झाली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती बघत बसली आणि तिला कळलं.

म्हणून रिपोर्ट बघून मला चैनच पडेना. प्रश्नपुस्तिका घरीच होती, शाळेनं परत मागितली नव्हती. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघी ती घेऊन बसलो. पुस्तिका हिंदीत आहे. "खराद मशीन चलाना चाहूँगा", तिची खूण नाही वर. का गं? तर म्हणे मला खराद म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. (खराद म्हणजे लेथ, धातू कातायचं यंत्र.) "मोटर गैरेज में काम करना चाहूँगा", नाही. का? आई, तिथे कुठे मुली असतात, आपण स्कूटर घेऊन गेलो तरी तो माणूस मला बाहेरच्या बाकावर बसवतो. पुढे "बीमार की सेवा करना चाहूँगी", "छोटे बच्चों को पढ़ाना चाहूँगी", तिथे हो. आजीचं पथ्यपाणी ती बघते, खालच्या घरातल्या छोटूचा अभ्यास घेते, म्हणजे हे तिने केलेलं आहे, माहितीतलं आहे.

मग मी पुस्तिका मिटली आणि तोंडी विचारलं, बिघडलेली वस्तू उघडून आत काय झालंय ते बघायला आवडेल का? माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली आई, हे काय विचारणं झालं, आवडतंच की. मग हे का नाही विचारलं त्यांनी?

माझाही तोच प्रश्न आहे. या टेस्ट बनवतात कशा? मुलींसाठी मोजमाप वेगळं असतं का? आणि मी शाळेत जाऊन काय बोलू? ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज लिहा.

गुळपोळी (इंदूर)

अगदी अगदी. माझ्या भाचीचंही हेच झालं, रिपोर्टमध्ये ब्युटी अँड वेलनेस आलं होतं आणि पोरगी फिजिक्सची पुस्तकं उशाशी घेऊन झोपते. धागा वाचते आहे.

मोजपट्टी (इंदूर)

रामबागची_लेक, मी मानसशास्त्र शिकवलं आहे आणि बरीच वर्षं मुलांच्या चाचण्याही घेतल्या आहेत, तर जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे तुमची शंका नवी नाही. या सगळ्या चाचण्यांची आजी म्हणावी अशी चाचणी स्टॅनफर्डच्या एडवर्ड स्ट्राँग यांनी १९२७ मध्ये काढली, आणि ती फक्त पुरुषांसाठी होती. बायकांसाठी वेगळा फॉर्म आला १९३३ मध्ये. पुरुषांचा निळ्या कागदावर, बायकांचा गुलाबी. आणि फरक नुसता रंगाचा नव्हता, कोणत्या फॉर्मवर कोणते व्यवसाय तपासले जाणार तेही वेगळं होतं. १९७२ मध्ये नॅन्सी श्लॉसबर्ग आणि जेन गुडमन यांनी एका बाईचं उदाहरण लिहिलं, तिने दोन्ही फॉर्म भरले होते. बायकांच्या फॉर्मवर ती निघाली डेंटल असिस्टंट आणि फिजिओथेरपिस्ट, पुरुषांच्या फॉर्मवर डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ. बाई तीच, आवडी त्याच, कागद तेवढा बदलला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

अमेरिकेत तेव्हा यावर बरंच रान उठलं. १९७४ मध्ये दोन्ही फॉर्म एकत्र करून एकच चाचणी झाली आणि त्याच वर्षी तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशननं याबद्दल नियमावली काढली. त्यातली व्याख्या माझ्या शब्दांत सांगते, निव्वळ मुलगा किंवा मुलगी आहे म्हणून एखाद्याच्या मनातली करिअरची यादी आखूड होत असेल, त्याने स्वतः केलेली असो नाहीतर दुसऱ्या कुणी केलेली, तर ज्या कशामुळे ती झाली तो पक्षपात. मुलामुलींना एकच फॉर्म द्या, सगळ्या व्यवसायांचे गुण दोघांनाही दाखवा, प्रश्नांत दोघांच्याही ओळखीची कामं घ्या, व्यवसायांची नावं अशी लिहा की ती फक्त पुरुषांची किंवा फक्त बायकांची वाटणार नाहीत. पन्नास वर्षं झाली त्याला, आणि तुमच्या हातातल्या पुस्तिकेत अजून चाहूँगा आणि चाहूँगी आहे.

दुसरं, तुम्ही रात्री जे केलंत ना, खराद काढून "बिघडलेली वस्तू उघडणे" विचारलंत, तीच योग्य पद्धत आहे. एसीटी नावाची मोठी परीक्षा संस्था आहे, त्यांच्या चाचणीची युनिसेक्स आवृत्ती याच तत्त्वावर बनली. डेल प्रेडिगर यांचं त्यात मोठं काम आहे. मुलं आणि मुली दोघांनी केलेली, पाहिलेली असतील अशी कामं शोधून शोधून घेतली, तर मुलामुलींच्या गुणांमधली दरी बरीच कमी होते.

तिसरा मुद्दा नॉर्म्सचा. शाळेला हे नक्की विचारा की तिचे गुण कुणाशी ताडून बघितले. मुलंमुली एकत्र धरून, का फक्त मुलींशी? समजा तिला यांत्रिकमध्ये ४० पैकी १९ मिळाले. मुलांसकट सगळ्यांत ते कमी दिसतील. पण बाकीच्या मुलींना जर आठ-नऊच मिळत असतील तर हिचे १९ म्हणजे खूप झाले, ज्या घरांत पोरींच्या हातात पाना कुणी देत नाही तिथे तिनं एवढं मिळवलं आहे. चाचणीच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा मुलींचा वेगळा तक्ता असतो, तो मागा.

देवासदादा (देवास)

मोजपट्टी मॅडम, माहिती छान आहे पण मला एक विचारायचंय, राग मानू नका. मुलींना मशीनची आवड सरासरीनं कमीच असते असं संशोधनच सांगतं ना? मग टेस्टनं तेच दाखवलं तर टेस्ट खोटी कशी. आणि मी हे अनुभवावरून बोलतोय. मी माझ्या मोठ्या मुलीला हट्टानं इंजिनिअरिंगला घातलं, तिला मनापासून शिकवायचं होतं. चार वर्षं पोरगी सुकून गेली, दर सुट्टीत घरी आली की परत जाताना स्टेशनवर रडायची आणि मी म्हणायचो होईल सवय. आज ती शाळेत शिकवते आणि खूश आहे. तेव्हा ती टेस्ट मी मानली असती तर तिची चार वर्षं वाचली असती हे मला रोज वाटतं. म्हणून मुलींना यंत्राकडे ढकलणं म्हणजेच न्याय असं कुणी म्हणायला लागलं की मला भीती वाटते.

मोजपट्टी (इंदूर)

देवासदादा, राग कशाला, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, मुलीबद्दलचं वाचून गलबलून आलं.

सरासरीचं तुमचं खरं आहे. २००९ मध्ये रोंग सू, जेम्स राउंड्स आणि पॅट्रिक आर्मस्ट्राँग यांनी पाच लाखांवर लोकांचा डेटा एकत्र करून पाहिलं, वस्तू-यंत्रांकडे ओढा की माणसांकडे, या मापावर स्त्री-पुरुषांत मोठा फरक निघाला, ०.९३ प्रमाण विचलनाचा (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप). तो आकडा मी लपवणार नाही. पण त्याचाच दुसरा अर्थ बघा. एवढा फरक धरूनही शंभरातल्या सतरा-अठरा मुलींना यंत्रांची ओढ सरासरी मुलापेक्षा जास्त असते. म्हणजे पन्नास मुलींच्या वर्गात आठ-नऊ जणी. चाचणी या आठ-नऊ जणींना शोधून काढायला हवी, आणि खराद आणि गॅरेजवाल्या पुस्तिकेत नेमक्या त्याच गळतात. शिवाय हे सगळं मोजलं आहे या चाचण्यांनीच, मोजपट्टी वाकडी असेल तर आकड्यातही थोडा वाक येणारच.

आणि तुमच्या मुलीचं जे झालं ती या वादाची दुसरी बाजू. जॉन हॉलंड, ज्यांनी आवडींचे ते सहा गट पाडले, त्यांनी १९७१ च्या आपल्या चाचणीत कच्चे गुणच ठेवले, म्हणजे कुणाशी न ताडता जेवढे मिळाले तेवढे, मुलामुलींचे तक्ते वेगळे लावले नाहीत. त्यांचं म्हणणं, माणूस आज जसा आहे तसा दाखवा. त्यातही तथ्य आहे. कारण नुसता मुलींचा तक्ता लावला तर सामाजिकमध्ये सगळ्याच मुलींना भरपूर गुण असतात, मग जिला खरंच शिकवायची आवड आहे तिची आवड साधारण दिसते, तुमच्या मुलीसारखी पोर झाकली जाते. म्हणून मी नेहमी दोन्ही आलेख समोर ठेवते, आणि दोन्हींत फरक पडला तर त्यावर मुलाशी बोलत बसते, अर्धा तास, तास. आलेख बघून दोन मिनिटांत कोर्स सांगणं मला पटत नाही, ते मुलगी असो वा मुलगा.

वर्कशॉप८४ (इंदूर)

हा धागा वाचून राहवलं नाही.

मी मेकॅनिकल इंजिनिअर, इथल्याच कॉलेजची, १९८४ ची बॅच. वर्गात मुली दोन, दुसरीनं वर्षभरात ब्रँच बदलली. मला विचाराल की तुला आधी यंत्रांची आवड होती का, तर नाही. मार्क होते, वडील म्हणाले घे. पहिल्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब. लोखंडाचा चौकोनी तुकडा, तो कानशीनं घासून सपाट करायचा आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडात धरायचा, गुण्या आणि लोखंडाच्या मधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. मुलांनी निदान घरी सायकल उघडलेली असायची, मी कानस कशी धरतात तेही कधी बघितलं नव्हतं. इन्स्ट्रक्टरनी पहिला जॉब फेकला, दुसरा फेकला. तळहाताला फोड आले. तिसऱ्या वेळी गुण्या लावला आणि उजेड दिसला नाही. कुठूनच नाही. तो तुकडा अजून माझ्या कपाटात आहे.

आवड मला त्या दिवशी लागली. मग पीथमपूरमध्ये पंचवीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढली. दहावीत कुणी मला विचारलं असतं की कानस चालवायला आवडेल का, तर मी सरळ नाही लिहिलं असतं आणि ते खोटंही नसतं. जे हातातच घेतलं नाही त्याची आवड पोरगी सांगणार कुठून. देवासदादा, तुमच्या लेकीनं चार वर्षं हातात घेऊन बघितलं आणि तिला नाही आवडलं, तिचं नाही मी शंभर टक्के मानते. पण रामबागची_लेकच्या मुलीनं गॅरेजच्या बाहेरच्या बाकावर बसून नाही म्हटलंय, हे नाही वेगळं आहे.

मोजपट्टी (इंदूर)

वर्कशॉप८४, काय लिहिलंत! यावरही अभ्यास झालेला आहे. नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट यांनी १९८१ मध्ये कॉलेजच्या मुलामुलींना विचारलं की अमुक व्यवसाय तुम्हाला जमेल का. क्षमतेच्या परीक्षेत दोघं सारखेच, पण ज्या व्यवसायांत पुरुषच जास्त दिसतात तिथे मुलींचा "जमेल" कमी. आणि जे जमणार नाही असं वाटतं ते आवडेल असं माणूस सहसा लिहीत नाही.

छत्रीबागकर (इंदूर)

सगळे मुलींचं लिहित आहेत म्हणून मुलाचं लिहितो. माझ्या मुलाचा रिपोर्ट आला त्यात सामाजिक सगळ्यात जास्त, अगदी टोकाला. बाबांना पक्षाघात झाला तेव्हा हा आठवीत होता, त्यांना कुशीवर वळवणं, अंग पुसणं, चमच्यानं भरवणं सगळं त्यानं केलं, बाबा माझ्या हातून जेवायचे नाहीत, त्याच्या हातून जेवायचे. त्याला नर्सिंग करायचंय, स्वतः म्हणतो. काउन्सेलर साहेबांनी आलेख बघितला आणि म्हणाले मुलगा आहे, सामाजिक आलंय म्हणजे लीडरशिप समजा, एमबीए करवा. रिपोर्टवर नर्सिंग छापलेलंच नव्हतं, तिथे मॅनेजमेंट होतं. मुलींच्या रिपोर्टवर त्याच गुणांना नर्सिंग येतं हे मला आज या धाग्यावर कळलं. म्हणजे गुण सारखे आणि छापलेले कोर्स वेगळे? मोजपट्टी मॅडम, हे असं असू शकतं का?

मोजपट्टी (इंदूर)

हो, असू शकतं, आणि हे अजिबात चालायला नको. गुण मोजण्यात कितीही काळजी घेतली तरी शेवटी कोर्सची यादी मुलामुलीगणिक वेगळी लावली तर सगळं मुसळ केरात. तुम्ही लेखी विचारा की याच गुणांच्या मुलीला तुम्ही काय सुचवता. आणि मुलाला एकदा एखाद्या हॉस्पिटलात पुरुष नर्सशी गाठ घालून द्या, तासभर बोलू दे.

जुनी_पाटी (इंदूर)

मुलांनो, माझं वय ७९, नातवानं टायपिंग शिकवलंय. तुमचा धागा वाचून जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी आठवल्या. माहेरच्या भागवत, १९११ ला आपल्या इंदुरात जन्मल्या, दुर्गाबाईंची धाकटी बहीण. १९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला तेव्हा सी. व्ही. रामन यांनी बाई आहे म्हणून नाकारला. त्या अडून बसल्या, तेव्हा एक वर्षाच्या अटीवर घेतलं. पुढे केंब्रिजची पीएच.डी. १९३९ मध्ये. मला यात सांगायचंय ते असं की त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्याच बंगलोरच्या इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. घरात ते वारं होतं म्हणून पोरीला ओढ लागली, आणि ओढ असूनसुद्धा दार बंद होतं. ज्या घरांत ते वारं नाही तिथल्या पोरींची ओढ कागदावर उमटत नाही म्हणून ती नाहीच, असं कोणी समजू नये. सूनबाई, तुम्ही शाळेत जा.

भाषावेडी (पुणे)

मी पुण्याची पण माहेर इंदूरचं म्हणून डोकावले. आमच्याकडे बोर्डानं २०१६ पासून दहावीला कल चाचणी सुरू केली होती, त्यामुळे विषय ओळखीचा आहे. मला त्या चाहूँगा-चाहूँगी वर लिहायचंय. आपल्या भाषांत क्रियापदच सांगतं की बोलणारा कोण. इंग्रजीत आय वुड लाइक लिहिलं की भागतं, आपल्याकडे मला आवडेल लिहिलं तर ठीक, पण मी करीन च्या जागी मी करतो आलं की मुलगी वाचतानाच बाजूला होते, हा प्रश्न आपल्यासाठी नाही असं तिला वाटतं. उपाय सोपा आहे, सगळी वाक्यं णे वर संपवायची. यंत्र उघडून दुरुस्त करणे. आजाऱ्याची काळजी घेणे. हिंदीत मशीन सुधारना, बीमार की देखभाल करना. पुढे आवडेल, नाही, सांगता येत नाही. बस. व्यवसायांच्या नावांतही परिचारिका आणि शिक्षिका न लिहिता नर्सिंगचं काम, शिकवण्याचं काम लिहिता येतं. चाचणीचं भाषांतर करणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

देवासदादा (देवास)

वर्कशॉप८४ ताई, तुमचं ते दोन प्रकारच्या नाही चं मी काल रात्री मुलीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली बाबा, त्या काकूंचं बरोबर आहे, मला कॉलेजच्या आधी कुणी एकदा वर्कशॉप दाखवलं असतं तरी मी तेव्हाच सांगितलं असतं. म्हणजे हातात देऊन बघणं दोघींच्याही उपयोगाचं होतं. माझं म्हणणं मी थोडं बदलतो.

रामबागची_लेक (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार, काल शाळेत जाऊन आले म्हणून लिहितेय.

मॅडमना भेटले. भांडले नाही. पुस्तिका उघडून खरादचा प्रश्न दाखवला आणि विचारलं मॅडम, तुमच्या वर्गातल्या किती मुलींना हे माहीत असेल. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या मलाही चित्र काढून दाखवता येणार नाही. मॅन्युअल कपाटातून काढलं, जाड पुस्तक, प्लास्टिकचं कव्हरसुद्धा निघालेलं नव्हतं. मागे मुलींचा वेगळा तक्ता निघाला, मोजपट्टी ताई, तुम्ही म्हणालात तसाच. रिपोर्ट बनवणाऱ्यांनी एकत्र तक्ता लावला होता. आम्ही दोघींनी बोटं ठेवून ठेवून ओळी जुळवल्या. मुलींच्या तक्त्यावर यांत्रिक तळातून दुसऱ्या नंबरवर आलं. सामाजिक तिसऱ्यावर गेलं. मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या बाकीच्या मुलींचेही बघावे लागतील. दहावीच्या दोन्ही वर्गांत मिळून एकसष्ट मुली आहेत. मी म्हटलं मी येते मदतीला, शनिवारी जाणार आहे.

छत्रीबागकर दादा, मी तुमच्या मुलाचंही विचारलं, नाव न सांगता. मॅडम म्हणाल्या आमच्या रिपोर्टमध्येही मुलांच्या यादीत नर्सिंग नाहीये, त्या वरती कळवणार आहेत.

आणि एक. वर्कशॉप८४ ताईंचं वाचून रविवारी मुलीला आमच्या ओळखीच्या वाइंडिंगच्या दुकानात घेऊन गेले. काकांनी पंख्याची जळलेली मोटर उघडली, काळी पडलेली तार कापून काढली, आणि नवीन तार भरायला साचा हिच्या पुढ्यात सरकवला. वेढे मोजत बसली. मध्ये एकदा गिऱ्हाईक आलं आणि काकांनी तिला काहीतरी विचारलं तर हातानंच थांबा म्हणाली, आकडा चुकेल म्हणून. घरी येताना बोटांना वार्निशचा वास येत होता, हात धुतले तरी गेला नाही. काकांनी पुढच्या रविवारी जुने कपडे घालून ये म्हटलंय. अकरावीचा पसंतीचा फॉर्म सोमवारी द्यायचाय, मॅथ्स ग्रुपवर खूण तिनेच केली.